कारण कुणाला, जात कुणाला : एका गुन्हेपटाच्या संहितेचं प्रकरण

गेल्या दिवाळीनंतर मुंबईहून एका चित्रपटाची संहिता माझ्याकडे आली. गुन्हेपट; पार्श्वभूमी बीड जिल्ह्याची, ऊसतोडीच्या हंगामाची. मी अंबाजोगाईत मराठी शिकवतो, पोरांच्या एकांकिका बसवतो, त्यामुळे ‘सर, जरा बोली तपासून द्या’ एवढंच काम असेल असं वाटलं. दुसऱ्या फोनला खरी गोष्ट कळली. ज्या ओटीटी कंपनीशी त्यांची बोलणी चालली होती, तिने एक तक्ता भरून मागितला होता. स्त्री पात्रं किती, अल्पसंख्याक किती, वंचित समाजांतली किती, बोलीभाषा वापरली का. तक्त्याच्या तळाशी ‘स्थानिक सल्लागार’ म्हणून कुणाची तरी सही हवी होती. ती सही म्हणजे मी.

चित्रपटाचं, संस्थेचं, दिग्दर्शकाचं नाव इथे देत नाही. काम अजून व्हायचंय, आणि माणसं वाईट नव्हती.

कथा अशी. ट्रक लागलेत, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम वाटून झालीये, टोळ्या निघायच्या तोंडावर आहेत, आणि मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या एका मुकादमाचं प्रेत शेततळ्यात सापडतं. पुण्याहून नुकताच बदलून आलेला सहायक पोलीस निरीक्षक तपास करतो. संशयित चार. मुकादमाकडून उचल घेतलेली सुमन. हायवेवरचा गॅरेजवाला ‘चाचा’, ज्याचे मुकादमाकडे पैसे अडकलेत. गावाबाहेरच्या पालावरचा एक पारधी तरुण. आणि साखर कारखान्याच्या संचालकाचा पोरगा. खुनी कोण ते सांगत नाही. सांगणार नाही असं लिहून दिलंय. मध्यंतरापर्यंत मी एका बैठकीत वाचली, चहा गार झाला तरी उठलो नाही. वीण चांगली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तक्रारीसारखं वाटेल.

तक्त्यात पास

तक्त्यात ही संहिता जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवत होती. बोलणारी पात्रं ३१, त्यांत बाया ९. मुस्लिम आहे, बंजारा टोळी आहे, पारधी आहे, मोर्चाच्या प्रसंगात निळे झेंडे आहेत, ठाण्यात महिला कॉन्स्टेबल आहे. नायक आणि त्याचे वरिष्ठ सोडले तर सगळे बोलीत बोलतात. आणखी काय पाहिजे?

असे तक्ते सध्याच्या हवेतलेच आहेत. ऑस्करच्या अकादमीने २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी चारपैकी निदान दोन निकष पुरे करायची अट घातली: पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण, शिकाऊंना संधी कुणाला, प्रसिद्धी आणि वितरणाच्या कामात कोण. आमच्या तक्त्यात त्यांतला पहिलाच होता. पडद्यामागच्याचं मीच विचारलं. तीन लेखक, तिघंही पुण्या-मुंबईचे. एकाची आजी मात्र गेवराईची होती, हे त्याने दोनदा सांगितलं.

दिग्दर्शकाला बेक्डेल कसोटीही माहीत होती. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकथाकार बाईंनी १९८५ साली आपल्या चित्रमालिकेत ती गमतीत मांडली. चित्रपटात निदान दोन बाया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलाव्यात. बायांना नाव असावं ही भर पुढे पडली. आमची संहिता पास! पान १२ वर, उन्हाळ्याच्या फ्लॅशबॅकमध्ये, टँकरच्या रांगेत सुमन आणि तिची जाऊ नंबरावरून भांडतात. मराठवाड्यात पाण्याचा एक प्रसंग घातला की ही कसोटी डोळे झाकून पास होता येतं, असं मी म्हणालो. दिग्दर्शक हसला, आणि लेखकाने ते टिपून घेतलं बहुतेक.

चौथा रकाना

माणसं मोजून हाती काही लागत नव्हतं, म्हणून शंभरपानी वही घेतली आणि प्रत्येक पात्रापुढे चार रकाने आखले. नाव. भाषा. त्याला काय माहीत आहे. आणि कारण.

चौथा रकाना मला महत्त्वाचा वाटत होता. गुन्हेपट कारणावर जगतो. खून कुणी केला हे कळलं की प्रेक्षक खुर्ची सोडतो. का केला असेल, या विचाराने तो दोन तास बसलेला असतो. त्यामुळे संशयिताला कारण दिलं की तो माणूस म्हणून उभा राहतो, मग पुढे तो निर्दोष निघो नाहीतर खुनी.

संचालकाच्या पोराच्या रकान्यात लिहायला जागा पुरेना: बापाचा धाक, सट्ट्यातलं कर्ज, लातूरला शिकायला गेलेली मैत्रीण, लहानपणी बुडून मेलेला भाऊ. चाचापुढे लिहिलं, थकलेले पैसे. सुमनपुढे लिहिलं, मुकादमाची नजर. मग पारध्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली. लिहायला काही नव्हतं. तो संशयित होता कारण तो पारधी होता.

नावही नव्हतं. पात्रयादीत ‘पारधी १’. ‘पारधी २’ ही त्याची आई. तीन प्रसंग: उचलून आणतात, मारतात, सोडतात. वाट्याला ७ वाक्यं, त्यांतली ४ ‘सायब, म्या नाय केलं’ याच चालीची. पालावर माय-लेक एकमेकांशी बोलतात तेही मोडक्या मराठीत. पारध्यांची घरातली बोली गुजरातीच्या जवळची असते; आपसात ते मोडकी मराठी कशाला बोलतील? ती मोडते पोलिसापुढे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोर म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतल्या माणसाने आपलं कारण आपल्या तोंडाने सांगितलं, त्याला तीन दशकं उलटून गेली. ते सांगणारा माणूस याच मुलखातला. आणि या मुलखावरच्या संहितेत अजून ‘पारधी १’.

एक गंमत वही भरताना ध्यानात आली. या कथेत सुमन उचल घेते, पोलीस पारध्याला उचलतात. लेखकांना दोन्ही ठिकाणी हाच शब्द सुचला होता, पण पहिल्या उचलीचा हिशेब त्यांनी कुठेच मांडला नव्हता. त्याकडे पुढे येतो.

भाषेच्या रकान्यात वेगळाच घोळ. नायक, डॉक्टर, वकील, कलेक्टर प्रमाण मराठीत. संशयित, हवालदार, बघे बोलीत. म्हणजे तोंड उघडलं की कळतं कुणाकडे संशयाने बघायचं. शिवाय ती बोली बीडची नव्हतीच. ‘काय करतुयास’, ‘कुठं निघालाईस’ हे सातारा-कोल्हापूरकडचं. आमच्याकडे ‘काय करायलास’ म्हणतील, लातूर-नांदेडकडे सरकलात तर ‘करलालास’. आणि केजचा एमबीबीएस डॉक्टर पेशंटला ‘कधीपासून दुखायलंय?’ असंच विचारतो. पुण्याला शिकून आला तरी. चाचा ‘जनाब’, ‘तशरीफ’ करत होता, डोळ्यांत सुरमा. इथल्या गॅरेजवर गिऱ्हाईक मराठी असेल तर ‘करायलाव की, धा मिनिटं थांबा’ ऐकू येतं आणि पोऱ्याला हाक मारताना दखनी: ‘कायकू खडा रे, पाना ला.’ हे एका दुपारीत दुरुस्त झालं, कुणी वाद घातला नाही. बंजारा बायांना सणातला आरशांचा पोशाख घालून उसात उभं केलं होतं, तेही निघालं.

अंबाजोगाईतलं वाचन

मी एकट्याने सही करणार नाही, वाचन ठेवा, असं सांगितलं. त्यांनी मान्य केलं याचं श्रेय दिग्दर्शकाला. डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या तालमीच्या खोलीत माझ्या पोरांनी संहिता वाचली. ऐकायला तिघांना मुद्दाम बोलावलं होतं: धारूर तालुक्यातल्या एक मावशी, ज्यांनी वीसेक हंगाम ऊस तोडलाय, पारध्यांच्या पालांवर काम करणारा एक तरुण कार्यकर्ता, स्वतः पारधी, आणि माझ्या गल्लीतले निवृत्त पोलीस जमादार.

पहिल्या पंधरा मिनिटांत मावशींनी हात वर केला. नायक फाईल बघून म्हणतो, ‘मुकादमाकडे वीस कोयते होते.’ पुढच्या चौकटीत सूचना: ‘ट्रकजवळ वीस मजूर, पुरुष.’

‘वीस कोयते म्हंजी चाळीस माणसं की ओ,’ मावशी म्हणाल्या. ‘बाया कुठं ठिवल्या?’

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. उचल जोडीला मिळते, एकटा माणूस अर्धा कोयता. लेखकांनी शब्द बरोबर शोधून काढला होता, त्यातली बाई मात्र त्यांच्या हातून सुटली होती. खोलीतले आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प झालो, कारण मीही ते पान तीनदा वाचलं होतं. इथे जन्म गेला आणि मला दिसलं नव्हतं.

मग मावशींनी सुमनचा हिशेब काढला. ‘तिनं उचल घेतली किती? फिटली किती? खाडे किती धरले?’ संहितेत आकडाच नव्हता. सुमनचं कारण काय, तर मुकादम वाईट नजरेचा. मावशींचं म्हणणं, नजर तर असतेच, पण त्यापायी मुकादम मरत नसतो. दुखणं आलं, दोन दिवस कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहिलं की खाडा, खाड्याचे पैसे कापून घेतात, हंगाम संपला तरी बाकी अंगावर, ती पुढच्या उचलीत. माणूस पिसाळतो तो तिथे. अन् सुमन उसात साडीवर शर्ट कामून घालत नाही, तिचे हात चिरत नाहीत का, हेही विचारून घेतलं.

खरी ठिणगी पडली पान ६१ वर. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. लेखकांनी त्यावर वाचलं होतं, मनापासून वाचलं होतं. आणि ते सगळं नायकाच्या तोंडी दिलं होतं. रात्री केबिनमध्ये तो सुमनला समजावतो: खाडा पडू नये म्हणून तुमच्याकडच्या बायका ऑपरेशन करून घेतात, का घेतात, डॉक्टर कसे घाबरवतात. दीड पान. सुमन पदराने डोळे पुसते.

मावशींनी शांतपणे विचारलं, ‘पिशवी तिची, अन् सांगायलाय ह्यो?’

वहीतला तिसरा रकाना, ‘काय माहीत आहे’, मी तिथपर्यंत नुसता भरत आलो होतो. त्या वाक्यानंतर मागे जाऊन पुन्हा बघितला. सुमनबद्दलची, पालाबद्दलची, कारखान्याबद्दलची जवळजवळ सगळी माहिती नायकाकडे. इथली माणसं नुसती भोगत होती.

जमादार बराच वेळ पान चघळत बसले होते. मारहाणीच्या प्रसंगावर दिग्दर्शकाने त्यांना विचारलं, हे जास्त झालंय का? ‘जास्त नाही. खरं आहे,’ ते म्हणाले. ‘चोरी झाली की पहिलं पाल. आम्हीबी तेच केलंय. पण तुमचं पुढचं खोटं आहे.’ तिसऱ्या प्रसंगात पुरावा मिळत नाही म्हणून पारध्याला सोडून देतात. जमादारांच्या मते तो इतक्या सोप्यात सुटत नाही. कोर्टाने जामीन दिला तरी जामीनदार लागतो, जामीनदाराकडे सातबारा लागतो, आणि पारध्यासाठी आपला सातबारा कोण ठेवणार? जामीन मंजूर होऊनही पोरं आत राहतात. आई शेळ्या विकते, वकिलाची तारीख करते. ‘ते दाखवा की. मारलेलं काय, समद्याच पिच्चरमध्ये दाखवतात.’

माझी चूक

पारध्याला कारण द्यायचं तर मी घरून एक तोड तयार करून गेलो होतो, आणि तिच्यावर खूष होतो. त्या रात्री तो तितर धरायला फासे लावून शेतात बसला होता. त्याने जीप येताना-जाताना बघितली. त्याला माग काढता येतो. संशयिताचा साक्षीदार होतो. कथेलाही बळ मिळतं.

कार्यकर्त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘सर, फासे आता कोण लावतंय? माझा भाऊ जेसीबी चालवतो.’

मी ज्याला त्या पोराचं कसब समजत होतो, तोही शिक्काच होता, जरा गोड शाईतला. तक्त्याला मात्र तो आवडला असता. शेततळं तर संहितेत होतंच, आणि शेततळी खोदतो कोण? मुकादमाचा खून झाला त्या रात्री तो शेजारच्या रानात भाड्याच्या जेसीबीवर होता. जीप बघितली, तिच्यात कोण होतं तेही बघितलं, आणि गप्प बसला, कारण मशीन संचालकाच्या मेहुण्याच्या मालकीची. आता त्याच्या रकान्यात लिहायला काहीतरी होतं: भीती, मशीनचा पगार, लहान बहिणीचं आश्रमशाळेतलं शिक्षण.

नावावरून मात्र अर्धा तास गेला. कार्यकर्ता म्हणाला, आकाश ठेवा, आकाश काळे. पारध्यांत काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे हीच आडनावं असतात. दिग्दर्शक अडला. ‘पण मग प्रेक्षकाला कळणार कसं, तो पारधी आहे?’

‘पोलिसांना कळतं ना,’ कार्यकर्ता म्हणाला.

आकाश काळे राहिला.

कायद्याने दिलेले प्रसंग

महिला कॉन्स्टेबलला ३१ पात्रांत दोन वाक्यं होती, दोन्ही ‘जी सर’. तिच्यासाठी नवा प्रसंग घुसडायला लेखक तयार नव्हते; लांबी वाढते म्हणाले. ते घुसडावं लागलंच नाही. सुमन मुकादमाने केलेल्या विनयभंगाबद्दल सांगते, तो प्रसंग संहितेत होताच, फक्त चुकीच्या माणसापुढे आणि चुकीच्या जागी. अशा गुन्ह्यात पीडितेची फिर्याद महिला पोलिसाने किंवा महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, ती राहते तिथे जावं लागतं. म्हणजे रात्रीची केबिन गेली. प्रसंग सुमनच्या घरी आला, चुलीपुढे, समोर महिला कॉन्स्टेबल कागद गुडघ्यावर ठेवून. तिला नाव मिळालं, आणि गाव मिळालं परभणीकडचं. पिशवीचं ते दीड पान आता सुमन सांगते, आणि ते अर्ध्या पानात संपलं.

ॲट्रॉसिटीचं प्रकरण इतकं सरळ सुटलं नाही. संहितेत एक पुढारी खोटी ॲट्रॉसिटी दाखल करायची धमकी देऊन पैसे उकळतो. नाव नाही, निळं उपरणं आहे. अख्ख्या कथेतला तेवढाच दलित माणूस. मी म्हणालो, हे काढा. दिग्दर्शक म्हणाला, दोन्ही बाजू दाखवायला हव्यात. मी विचारलं, पहिली बाजू कुठल्या पानावर आहे? फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. गावकरी पालावर चाल करून जातात त्या प्रसंगाला १९८९ चा तो कायदा थेट लागू होतो, आणि संहितेत तिथे कुणाला त्याची आठवणही होत नाही. यावर फारसं उत्तर आलं नाही. शेवटी वाद मिटवला तो त्याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, म्हणजे आपला नायक तो करू शकत नाही, नवं पात्र लागणार, नवा नट लागणार. निर्मात्याने एका मिनिटात उपकथानक उडवलं. धमकी देणारा पुढारी गेला तो बजेटपायी. पण त्याच्या जागी कुणी आलं नाही. पालावरच्या हल्ल्याची फिर्याद अजूनही कुणी देत नाही. मोर्चातले झेंडे तेवढे राहिले. चूक निघाली आणि तिच्याबरोबर माणूसही गेला; हे मी त्यांना लेखी कळवलं आहे.

नायक पुण्याचाच राहिला. तो अंबडचा किंवा पाथरीचा करा, आईशी फोनवर ‘जेवायलोय’ म्हणू द्या, एवढं मागणं होतं. नट मोठा आहे, त्याला जमणार नाही म्हणाले. डॉक्टर मात्र ‘कधीपासून दुखायलंय’ म्हणणार आहे.

सही

जानेवारीत सुधारलेला तक्ता आला. गंमत म्हणजे गुण पहिल्यापेक्षा कमी पडले होते. दलित पात्राच्या रकान्यात आता शून्य होतं. मी सही केली, खाली चार ओळींची टीप जोडली, आणि ती टीप तक्त्याबरोबर जाईल याची खात्री मागितली. ‘हो सर, नक्की’ असं उत्तर आलं.

परवा पात्रनिवडीचा मेसेज फिरत फिरत माझ्याकडेही आला. ‘आकाश, वय २२-२५, रापलेला चेहरा, विस्कटलेले केस, भेदक डोळे.’ मी तो कार्यकर्त्याला पाठवला. त्याने उलट एक फोटो पाठवला. त्याचा भाऊ, जेसीबीच्या पायरीवर उभा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांचा नीट भांग, हातात मोबाईल. खाली लिहिलं होतं: ‘ह्यो चालतो का विचारा.’

मी फोटो तसाच पुढे पाठवला. निळ्या टिका आल्या आहेत.